लाल रेघ

एर्वे केर्वेला तुलूझहून दाबोळीला आला
तेव्हा पेटीत तीन शर्ट, एक स्लाइड रूल
आणि तांबड्या रंगाचा डबा, अंगठ्याएवढा.
माझं च्यारी त्याच्या जिभेवर शारी व्हायचं.
मी हँगरमध्ये रिव्हेट मारायचो.

बाविसाव्या वर्षी त्यानं पहिला पंख कागदावर काढला.
तिसाव्या वर्षी साहेबांना म्हणाला,
काढतो मी, तर मोडतो कुठे तेही मीच बघीन.
मग एकेचाळीस जातींची विमानं.
दोनदा आसनासकट बाहेर फेकला गेला;
दमट दिवशी गुडघा दोन्ही तारखा सांगायचा.
वहीच्या शेवटच्या रकान्यात मात्र दर वेळी तेच:
सांगण्यासारखं काही नाही.

त्या वर्षी डाव्या पंखाला मी ठिगळ लावलं,
दोनशे बारा रिव्हेट.
सोनार पाटली बघतो तसं त्यानं बोट फिरवलं,
आणि मागचं आसन दाखवलं. शारी, बस.
ज्यानं जोडलं, तो सोबत.

घरी सांगितलं नव्हतं.
खाली झुआरी, खनिजाची बार्ज काडेपेटीएवढी.
काटा चढत गेला.
पंख थरथरला,
आधी माशी बसल्यावर गाईचं कातडं थरथरतं तेवढाच,
मग पिठाच्या चाळणीसारखा.
मी म्हाळसेला नवस बोललो, रिव्हेट मोजत राहिलो.
तो मोठ्यानं काटा वाचत होता,
बाजारात वजन सांगावं तसा.
एका आकड्यावर थांबला.
हात मागे घेतला.

उतरल्यावर मांजराच्या मिशीएवढ्या कुंचल्यानं
डायलवर, त्या आकड्याच्या बऱ्याच अलीकडे,
एक रेघ ओढली.
मधलं उरलं त्याचं काय? मी विचारलं.
म्हणाला, ते माझ्यापाशी राहू दे.

जाताना डबा नि कुंचला देऊन गेला.
नाताळची चार पत्रं आली,
मग त्याच्या मुलीचं एक.

परवा चिखलीत कायतानच्या नव्या होडीला
मी बाहेरून खडूची रेघ ओढली.
पाणी इथवर आलं की मासळी भरू नको.
कायतान हसला. ही ठरवली कोणी?

मला एकाहत्तर चालू.
आज भरतीला होडीत बावीस चिरे रचले.
बायको काठावरून नको नको ते बोलत होती.
तेविसावा कायताननं दिला, न हसता.
चोविसावा म्हणून मी बसलो,
कुंचला शर्टाच्या खिशात.