अठरा इंच

ती रिंग मी वाकवली आहे.
अठरा इंच, आतल्या अंगानं, सूतभर इकडं-तिकडं नाही.
उद्यमनगरात तीन दिवस ती माझ्या लेथशेजारी पडून होती
आणि येणारा-जाणारा विचारायचा,
"इंगवले, बंबाला कडं करायलायसा व्हय?"

गाव फुटबॉलचं.
पोरगं रांगायच्या आधी त्याची पेठ ठरते इथं.
पंधरा वर्षांपूर्वीच्या एका ऑफसाइडवरनं
दोन सख्खे भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत,
त्यांच्या बायका बोलतात, भिंतीवरनं.

त्यात आमचा संघ.
जवाहरनगरात पाण्याच्या टाकीमागं सिमेंटचं कोर्ट,
एका कोपऱ्यात फुगवटा आलेला,
तिथं चेंडू आपटला की स्वतःच्या मनानं जातो.
दहा पोरी, हुक्केरी सर,
आणि प्रेक्षकांत मी.
शिवाय नाझनीनचे वडील, मुल्लाणी. तेही रिक्षात बसूनच.

गेल्या साली बारा सामने, बारा हारी.
साताऱ्याला अठ्ठावीस-एकाहत्तर.
परतीच्या एस. टी.त कुणी रडलं नाही,
ऋजुता चौगले तेवढी खिडकीला डोकं टेकून म्हणाली,
"काका, अठ्ठावीस म्हणजे काय कमी नव्हेत."
मी म्हटलं, नव्हेतच.

यंदा पहिला सामना जिंकलो.
म्हटलं, त्यांची बस उशिरा आली असंल.
दुसरा जिंकलो. त्यांची उंच पोरगी तापानं झोपली होती म्हणे.
तिसऱ्याला मला कारण सापडेना,
रात्रभर शोधत होतो.
चौथ्यापासून शर्ट बदलला नाही,
तोच, खिशावर ग्रीसचा डाग असलेला.
सातव्याला बायको म्हणाली,
"जिंकायल्यात पोरी, आणि वास मला."

मग मिरज. सेमीफायनल.
एक्कावन्न-एक्कावन्न, चार सेकंद,
आणि रेषेवर नाझनीन, आमच्यातली सगळ्यांत बुटकी,
जिच्या बुटाची नाडी मॅचभर सुटलेलीच असते.
चेंडू रिंगच्या कडेवर बसला आणि फिरला.
एक फेरी.
दीड.
लेथवर जॉब फिरतो तसा,
आणि मला हात लावता येत नव्हता.
रिंग परक्याची, तिचा वेल्ड कुणी मारलाय ठाऊक नाही,
कुठल्या बाजूला उतार ठेवलाय ठाऊक नाही...

आत.

छप्पन्नाव्या वर्षी माणूस किती उंच उडतो
ते मला माझ्या गुडघ्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं.
शेजारी एक चणेवाला होता, त्याला मिठी मारली,
त्याचे चणे सांडले, त्यानंही मारली.
मुल्लाणी पहिल्यांदा रिक्षातनं खाली उतरले,
काय करावं कळेना,
पुन्हा आत बसले आणि हॉर्न दाबून धरला.
जयसिंगपूरपर्यंत तो सोडला नाही.

सोमवारी चहाच्या गाड्यावर
तालमीतला एकजण जवळ सरकला, हळूच विचारलं,
"तुमच्यात एक गोल किती गुणांचा असतो हो?"
सांगितलं, दोन. कधी तीन. कधी एक.
"मग हिशोब कसा ठेवता?"
म्हटलं, आजवर ठेवायची पाळीच आली नव्हती.
चहाचे पैसे त्यानं दिले.
कोल्हापुरात चहाचे पैसे कोण देतो, याला अर्थ असतो.

रविवारी फायनल, पुण्यात.
त्यांचं कोर्ट लाकडी, पोरी सहा-सहा फुटी,
पाण्याच्या बाटल्यांवरसुद्धा ज्याची त्याची नावं.
मी सगळ्यांना सांगत सुटलोय,
हरलो तरी चालतंय, इथवर आलो हेच लई.
खोटं बोलतोय.

काल दुकान बंद करून टाकीमागं गेलो,
शिडी लावली, पाना काढला,
रिंगचे चारी बोल्ट आवळले.
एकही ढिला नव्हता. सामनाही इथं नाही.
तरी आवळत होतो,
तेवढ्यात खाली अंधारात चेंडू आपटल्याचा आवाज,
आणि ऋजुता:
"काका, शिडी जरा बाजूला घेता का?"