दाराला पाला

दिलीहून लेटेफोहो चार तास,
रस्ता जागेवर असेल तर.
पाठीवरच्या पिशवीत शिक्षकांसाठीची पुस्तिका,
'नागरिकशास्त्र, चौथी ते सहावी', छप्पन्न पानं,
आणि संविधानाच्या नऊ प्रती, पोर्तुगीजमधल्या.
वर्गात ती भाषा कुणालाच येत नाही.
झेलिंदाबाईंना येते, दोन सुट्ट्यांतल्या प्रशिक्षणापुरती,
त्यात 'होय' पुष्कळ आहे, 'का' कमी.

दर शनिवारी मी त्यांच्या शेजारी बसते.
मदत म्हणजे नेमकं काय, हे माझ्या नेमणूकपत्रात नाही.
कधी तक्ता धरते, कधी खडू मोडून अर्धा देते,
कधी अंगणात वाळत घातलेली कॉफी
हातानं उलथीपालथी करत ऐकत राहते:
"कलम मी वाचते, पोरं पाठ करतात.
पाठ झालं की विसरतात.
मीही."

एका शनिवारी त्यांनी पुस्तक मिटलं
आणि मांबाईत विचारलं, तारा बांडू कशासाठी करतात?
बारा हात वर.
चंदन तोडू नये म्हणून!
झऱ्यात म्हैस घालू नये म्हणून!
खांबाला पाला बांधतात, सगळ्यांच्या देखत,
बोकड कापतात, ताडी ओततात,
मग कुणीच मोडत नाही, गावचा प्रमुखसुद्धा नाही!
"हं," बाई म्हणाल्या, आणि ते पुस्तक उचललं,
"हा सरकारला बांधलेला पाला."

वर्ग गप्प. तापलेला पत्रा तेवढा कडकडला.
मग शेवटच्या बाकावरून बेन्वींदा,
जिचा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता:
"आपल्या गावात सरकार कुठे राहतं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी पुस्तिकेकडे.

त्या रात्री मोटरसायकलची चेन तुटली, म्हणून मी तिथेच राहिले,
नाहीतर सोमवार मला दिसला नसता:
मुख्याध्यापक अगापितु सरांच्या दाराला
कडीपासून चौकटीपर्यंत ताडाची पानं,
उंबऱ्यावर एक अंडं, बोकड कुठून आणणार,
आणि वहीच्या कागदावर, तीन चुकांसकट,
'छडी आतच राहील.'

अगापितु सर म्हणजे तरुणपणी
या डोंगरांतून रात्रीबेरात्री चिठ्ठ्या पोचवणारा माणूस,
एक पाय तिथेच अधू झालेला.
हात कडीपर्यंत गेला.
तसाच राहिला.
बांधलेला पाला एकट्यानं ओढून काढायचा नसतो,
त्यासाठी गाव जमवावं लागतं,
आणि गावासमोर सांगावं लागतं, का.

"कुणी केलं हे?"
पोरं आपापल्या अंगठ्यांकडे पाहत उभी.
झेलिंदाबाई पुढे झाल्या. ओठ कोरडे.
"सर, मी शिकवलं."
"आम्ही," मी म्हणाले.
एवढंच बोलले. माझ्या मासिक अहवालात
या कामाला रकाना नाही.

सर काही बोलले नाहीत.
शाळेला वळसा घालून मागे गेले.
आधी बाक ओढल्याचा आवाज आला,
मग टर्र, बहुतेक पँटचा,
आणि मग आतून खुर्ची करकरली.
खिडकीतून शिरले होते.

अंडं दुपारीच कुत्र्यानं नेलं.
पाला पिवळा पडला, मग तपकिरी, पण कुणी हात लावला नाही.
सर रोज खिडकीनेच ये-जा करतात,
छडी कुठे आहे हे विचारलं तर म्हणतात, आत.
गावसभेची तारीख अजून ठरलेली नाही,
कॉफीचा हंगाम आहे, माणसं कुठून येणार?

परवा गेले तेव्हा खिडकीखाली
दगडांची पायरी रचलेली दिसली.
पोरं म्हणतात, आम्हाला माहीत नाही.
मी चढून पाहिली. मला ती ठेंगणी वाटली,
मग लक्षात आलं,
ती सरांच्या अधू पायाच्या मापाची आहे.