पान दोनशे अकराच्या पुढे

दाखल क्रमांक चारशे सात.
मुखपृष्ठ निघालेलं, वर खाकी पुठ्ठा,
त्यावर माझ्याच हातचं: युद्ध, कादंबरी.
बारा पोरं एका टेकडीवर, बर्फात.
सगळ्यात मोठा तेवीसचा.

आमच्या गावात बर्फ असतं ते
गोळेवाल्याच्या पेटीत, भुशात.
तरी पोट्ट्यांनी ती वाचली
नाल्याच्या रपट्यावर बसून, पाळीपाळीनं,
भरतीसाठी धावून झाल्यावर.
सोळाशे मीटर. मग वीस पानं.
घामाचे अंगठे अजून दिसतात कोपऱ्यांवर.

घड्याळ धरून उभे राहत ते चरणदास मेश्राम.
एकाहत्तरचे. डाव्या हाताला तीन बोटं.
त्यांनीही नेली एकदा, आठवड्यानं आणून दिली.
समासात शिसपेन्सिल:
'एवढा वेळ कोणी बोलत नाही.'
'मोजे ओले असतात, ते लिहिलं नाही.'
आणि पान एकशे अठ्ठ्याऐंशी,
जिथं वायरलेसवालं पोरगं
ओठांवर हसू ठेवून मरतं,
तिथं 'हसू' खोडलेलं.
त्याजागी दुसरा शब्द नाही.

अंकुश भोयरनं नेली चार वेळा.
पाचव्यांदा न्यायला आला नाही,
नागपूरच्या मैदानातून थेट गेला.
आता रविवारी फोन येतो त्याचा, रेंज असली तर,
आणि तो जेवणाबद्दलच बोलतो.

मग एक दिवस त्याची माय, सुलकनबाई,
वेचणी करून तशीच आली,
लुगड्याला कापूस चिकटलेला.
'थे बुक दे वं. माह्या पोट्ट्याचं.'
तिला वाचता येत नाही, हे मला माहीत.
नातीनं वाचून दाखवलं म्हणे,
रोज रात्री, भाकरी झाल्यावर, चुलीपाशी.
एका रात्री पोरगी थांबली.
'आजी, फुडं वाचू?'
'किती रायले?'
'दोघं.'

पुस्तक परत आलं तेव्हा
दोनशे अकराच्या पुढे काहीच नव्हतं.
नऊ पानं. विळ्यानं कापलेली, सरळ,
धांडा कापावा तशी.
'इथवर दोघं जित्ते हायेत,' ती म्हणाली,
'इथवरच रायू दे.'
पदराची गाठ सोडून
दंडाचे पंचेचाळीस रुपये टेबलावर ठेवले,
मोजून, दोनदा.

मी पावती फाडली. नियम आहे.
शेरा लिहिला: पाने गहाळ.
शेवट मी वाचलेला आहे.
तिनं विचारलं नाही,
आणि मी बराच वेळ
शाईचा डबा बंद करत राहिले.

यंदाच्या थंडीत नवी पोट्टे धावतात.
पुस्तक त्यांच्याकडेच आहे.
काल एकानं धापा टाकत विचारलं,
'काका, शेवटी काय होते त्याइचं?'
चरणदास घड्याळाकडे पाहत होते.
'पाच बावन्न,' म्हणाले.
'लय झाले. पुन्हा पळ.'