घामोळं

आप्पांनी बॅगा घरी मोजल्या नाहीत.
सावद्याच्या केळी-काट्यावर नेल्या, ट्रॅक्टरमध्ये टाकून.
तिथे ते एकवीस वर्षं पावत्या फाडतात.
तेवीस किलो शंभर.
शंभर ग्रॅमसाठी बिबड्यांची एक चवड काढली,
माझ्याकडे पाहिलं, अर्धी परत ठेवली.
मग म्हणाले, आता हिले बी ठेव.

ऊर्वी हलत राहिली म्हणून काटा हलत राहिला.
आठ किलो सहाशे.
घडाचा दांडा वजा करतात
तसे त्यांनी दुपट्याचे दोनशे वजा केले.
आठ चारशे. तारीख. सही.
पावती पासपोर्टच्या कव्हरात आहे अजून.

पासपोर्टचा फोटो फैजपूरला काढलेला, दोन महिन्यांची असताना.
पांढरी चादर, डोळे उघडे, सावली नको.
निंबाजी फोटोवाल्यानं आधी तिची तीट पुसली.
चालत नाही ताई, म्हणाला.
घरी येऊन मी दुप्पट मोठी लावली.

भुसावळच्या फलाटावर रात्री साडेदहालाही
बाकडं भाजत होतं.
तिच्या मानेच्या वळीत घामोळं, मोहरीएवढं, लाल.
गाडी हलली तेव्हा आप्पा खिडकीशी नव्हते,
थंड पाणी आणायला गेले होते.
जळगाव यायच्या आत फोन आला:
बाटली माह्याजोळच राह्यली माय.
पोर्गीचा घाम पुसत जाजो.

विमानतळावर वर्दीतली बाई म्हणाली,
डब्यातलं चाखून दाखवा.
मुगाची पेज. जिरं आहे, मीठ नाही.
मागे रांग. मी एक चमचा खाल्ला.
दोन महिने भरवत होते,
स्वतः कधी तोंडात घातली नव्हती.
किती बेचव काहीतरी
तिनं माझ्या भरवशावर गिळलं होतं.

पुढच्या खिडकीत साहेब
फोटोकडे बघे, ऊर्वीकडे बघे.
फोटोत टकलं, मूठभर, कुणाचंही चालेल असं बाळ.
ही तीच का?
हो, म्हटलं.
मग त्यानं माझा फोटो पाहिला, लग्नाआधीचा,
आणि काहीच विचारलं नाही.

वर चढताना पाजत राहा, डॉक्टर बेंडाळे म्हणाले होते,
कान दुखत नाहीत.
ती गाढ झोपलेली. उठवून पाजलं.
शेजारचा माणूस सज्जनपणे ढगांकडे बघत बसला.
माझे कान दुखले.
माझ्या कानांचं कुणी काही सांगितलं नव्हतं.

समोरच्या भिंतीला पाळणा अडकवून दिला.
अकरा किलोपर्यंत चालतं, हवाईसुंदरी म्हणाली.
आठ चारशे, मी म्हटलं, पावती आहे.
ती हसली. मी हसत नव्हते.
धक्के बसले की दिवा लागे, बाळाला उचला.
थांबले की ठेवा.
रात्रभर उचल, ठेव, उचल, ठेव.
खाली कुठला देश आहे
ते पडद्यावर लिहून येत होतं.

हेलसिंकीत हेमराज फुगा घेऊन उभा.
फोनमधला बाप एवढा मोठा निघाला
की तिनं आधी त्याच्या गालात बोट टोचून पाहिलं
आणि मग भोकाड पसरलं.
बाहेर नऊ डिग्री.
रात्री अकरालाही उजेड; झोप कोणत्या तोंडानं सांगायची?

चौथ्या दिवशी आंघोळीनंतर
पावडर लावायला मानेची वळी उलगडली
तर घामोळं नव्हतं.
दुसरी वळी पाहिली. कानामागे. काखेत.
खिडकीपाशी नेऊन पाहिलं.
कातडी नितळ,
कुठून आली ते न सांगणारी.

आप्पांना फोन केला. तिकडे पंचेचाळीस.
गेलं? बरं झालं माय, म्हणाले,
आणि मागून कुणीतरी ओरडलं,
दांडा धरला का हो?
थांब, म्हणाले आप्पा. मला की त्याला, कळलं नाही.

आता कशाला लावतेस, हेमराज म्हणाला.
मी लावली.