बासष्ट

तिएरी मिरचीचं बियाणं बघायला आला होता.
जाताना माझ्या टेबलावर एक बाटली ठेवून गेला,
बुटकी, खांद्यात रुंद, आमच्या गोदामातल्या हमालासारखी.
ज्युराची, म्हणाला, गावाकडची.
नाव विचारलं तर ‘पिवळी वाईन’. एवढंच.
बरं वाटलं.
आम्ही तरी काय म्हणतो, काळा मसाला, हिरवा ठेचा.

बाटलीत बासष्ट सेंटीलिटर.
लिटरभरातलं तेवढंच उरतं, म्हणाला.
सहा वर्षं तीन महिने पिंपाला हात लावत नाहीत,
उडून जातं ते जाऊ देतात,
वरून भर घालत नाहीत.
रिकाम्या जागेत वाईनवर पापुद्रा धरतो
आणि तो पापुद्रा तिला सांभाळतो.

मी बियाणं तपासते, जालन्यात, अठरा वर्षं.
ओल्या कागदात ज्वारीचे शंभर दाणे गुंडाळायचे,
दहाव्या दिवशी कोंब मोजायचे.
शंभरात बासष्ट आले तर लॉट नापास,
लाल शिक्का, खाली माझी सही.
तिकडं बासष्ट उरतात
आणि लोक त्याला सोनं म्हणतात.
‘जालना सोने का पालना’ म्हणणारं आमचं गाव,
मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

बाटली दोन महिने चादरींच्या मागं होती.
सासूबाई नळदुर्गाला लेकीकडं गेल्या तेव्हा काढली.
फ्रिजात नको, फार गार चालत नाही, असं बजावलं होतं,
म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवली.
बाहेर एप्रिल. टँकर येऊन गेलेला.

त्यानं सांगितलं होतं चीज, जुनं, टणक.
नाहीतर सायीत शिजवलेला कोंबडा.
कोंबड्याला साय! भगीरथ म्हणाला,
“कोंबड्यानं काय पाप केलंय?”
त्यानं आपला मटणाचा रस्सा केला, सुट्टीच्या दिवशी करतो तसा,
कपाळावर घाम येईल असा.
पहिला घोट घेतला
आणि वाईन कुठं गेली कळलंच नाही,
साहेबाच्या दारातून कारकून मागं सरकावा तशी.
ग्लासात पिवळं पाणी, जिभेवर नुसती मिरची.
“ह्याच्यापरीस मोसंबीचा रस बरा,” भगीरथ.

दुसऱ्या रात्री काही करायचा कंटाळा आला होता.
आईनं दिलेलं येसर डब्याच्या तळाशी होतं,
तिच्या येसरात मेथ्या जरा जास्तच असतात,
त्यावरून आमची भांडणंही झालीत.
आमटी टाकली. तव्यावर भाकरी.
उरलेली बाटली सहज उघडली
आणि हात थांबला.
वास कुठून यायलाय?
पातेल्यावर वाकले, मग ग्लासावर, मग पुन्हा पातेल्यावर.
भाजलेली मेथी. दोन्हीकडं.
अक्रोड पण होता, ओल्या भिंतीसारखं काहीतरी होतं,
पण मेथी होतीच.
वासाच्या बाबतीत मी चुकत नाही,
बुरशी लागलेलं पोतं मी दारातून ओळखते.

आमटीचा घोट, मग वाईनचा.
तिखट खाली बसलं.
वाईन उलट उठून उभी राहिली, आंबट, खारट, लांबलचक,
गिळल्यावरही अर्धा मिनिट गेली नाही.
“तुझ्या आईला सांग,” भगीरथ म्हणाला,
“तिचं येसर परदेशात गेलंय.”
आईला हे कसं सांगायचं?
तिनं आयुष्यात वाईनची बाटली
फक्त मनीप्लँट लावलेली बघितली आहे.

मग भगीरथनं, दिवसभर रोलिंग मिलच्या भट्टीपुढं उभ्या राहिलेल्या माणसानं,
भाकरीचा वरचा पापुद्रा अलगद सोलला,
वाफ जाऊ दिली,
आणि थेट ग्लासात बुडवला.
तिएरी असता तर डोळे मिटून घेतले असते.
मी काही बोलले नाही.
जोडी जुळवायची म्हणजे आमच्याकडं
आधी बुडवून बघायचं असतं.

मीही माझा पापुद्रा सोलला.
बाटलीत अजून चार बोटं होती.
त्या चार बोटांच्या वरचं रिकामं
आम्ही दोघं बराच वेळ बघत होतो.