एक हात खिशात

पवननगरच्या घरात टीव्हीची पाठ उघडली
की आई मिक्सर लावायची नाही.
म्हणायची, आधी त्यांचं होऊ दे.

सहा स्क्रू, पैकी एक कायमचा हरवलेला.
आत धुळीची काळी साय.
बाबा ती दाढीच्या जुन्या ब्रशनं झाडायचे,
मग पेचकसाला वायर बांधून
ट्यूबच्या रबरी टोपीखाली हळूच सरकवायचे.
टक्.
निळी ठिणगी.
"गेली," म्हणायचे,
जशी दुपारपासून बसलेली पाहुणीच उठून गेली.

पण चालू टीव्हीत काम असलं तर नियम एकच:
एक हात खिशात.
दोन्ही हात आत घातले
तर करंट या हातातून त्या हातात जातो.
"आणि वाटेत काय असतं, रेवू?"
"काळीज," मी म्हणायचे,
पाढ्यातल्यासारखं, अर्थाशिवाय.

माझं काम आरसा.
भिंतीवरचा काढून समोर धरायचा
म्हणजे मागे बसलेल्या माणसाला चित्र दिसतं.
चित्र पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखं पळत असे,
बातम्या देणारीची हनुवटी वर, भांग खाली,
मधून एक काळी पट्टी.
विणायची प्लास्टिकची सुई घासून त्याचा पेचकस केलेला,
तो बाबा केसभर फिरवत.
"वर धर. झुकव. एवढा श्वास घेऊ नकोस."
त्यांना आरशात चित्र दिसायचं
आणि कडेला माझी बोटं, आठ.
बाकी मी दिसत नसे.

सातपूरला एकतीस वर्षं मोटारी वाइंड केलेला माणूस.
भावानं भिंतीवर सपाट टीव्ही लावून दिला,
तर म्हणाले, ज्याला पाठच नाही
त्याच्याशी बोलायचं कसं?
आणि माळ्यावरून जुना उतरवायला लावला.
चालू केला.
वरून चार बोटं अंधार, खालून चार बोटं अंधार,
मध्ये चेपलेली माणसं.

एम. जी. रोडला तीन दुकानं फिरले.
तिसऱ्यात कटारियांचा मुलगा हसला,
"ताई, हा जिवंत आहे अजून?"
आणि बिस्किटाच्या डब्यातून शोधून कॅपॅसिटर दिला,
पाच रुपये.

या वेळी मागे मी बसले.
डाग लावला, जुना रोजिनचा वास,
अंधार सरकला, चित्र उंच झालं.
"बाबा, आरसा."
त्यांनी खिशातून हात काढला.
वर्षभर बघत होते मी तो हात खिशात,
जेवताना, फिरायला जाताना,
निकुंभ काकूंशी फाटकात बोलताना,
आणि मला वाटायचं, सवय.

आरशात हवामानाचा नकाशा.
उलटा, समुद्र पूर्वेला आलेला,
नाशिक भलतीकडे,
आणि सगळा महाराष्ट्र हलतोय,
बारीक, न थांबता.

होल्ड फिरवला. हलतंय.
उलटा फिरवला, तर नकाशा एकदा पळाला,
परत बसला, परत हलतोय.
सॉकेटजवळचा डाग पुन्हा तापवायचा का?
"अजून हलतंय हो," मी मागून ओरडले.
पलीकडून काही नाही.
मग, बऱ्याच वेळानं,
"मला तर समोरून चांगलं दिसतंय."

मी टीव्हीवरून डोकं वर काढलं.
आरशाच्या कडेला त्यांची बोटं, आठ.
उजवीकडची चार
काचेवर काहीतरी बारीक टाइप करत असल्यासारखी.
पडद्यावर नाशिक जागच्या जागी,
अठरा अंश, आकाश निरभ्र.

"होल्ड ढिला होता," मी म्हणाले, "बसवला."
"कॅपॅसिटर बदललास ना?"
"बदलला."
"मग बरोबर."
आरसा त्यांनी पलंगावर उताणा ठेवला.
त्यात छत, पंखा,
काही हलत नव्हतं.

मी स्क्रू लावायला बसले. पाचच.
आत आईनं मिक्सर लावला,
आणि पडद्यावर क्षणभर पांढरे मुंगळे धावले.
"बघ," बाबा म्हणाले,
हात खिशात टाकत,
"आत्ता खरं हललं."