एक, तीन, चार, दोन

जालन्याच्या एमआयडीसीत, भट्टीच्या अलीकडे
माझा काटा.
भरला ट्रक येतो, मी आकडा लिहिते,
रिकामा जातो, मी आकडा लिहिते,
मधलं सगळं वितळतं.

त्या मंगळवारी भंगाराच्या ढिगावर,
पंख्यांची पाती आणि शिलाई मशीनचे पाय यांच्यामध्ये
उताणं पडलेलं फियाटचं इंजिन.
"थांबवा!" मी ओरडले.
एवढ्या मोठ्यांदा मी फक्त कोर्टात बोलले होते.

कोर्टानं त्याला घर दिलं, मला गाडी.
न चालणारी. इंजिन जाम,
मागच्या सीटमध्ये मांजरीची पिल्लं.
वकील म्हणाले, काहीतरी नावावर झालं ना.

एकशे अठरा किलो. चौतीसचा भाव.
चार हजार बारा. पावती मीच फाडली.
त्या महिन्यात भिशी मला लागली होती,
बारा हजार,
त्यातून फ्रीज यायचा होता.

जब्बार मिस्त्री म्हणाले, मजुरीचं नंतर बघू,
पण हात तुमचे लागतील, ताई. माझी नजर गेली.

मग रविवारमागून रविवार
डिझेलच्या घमेल्यात मी नट-बोल्ट धुतले.
चपलांच्या खोक्याला आठ भोकं पाडून
व्हॉल्व्ह उभे केले, ज्याचा त्याचा नंबर घालून.
हेड वाकलेलं. लेथवाला नऊशे मागत होता.
लग्नातल्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा उपसला,
शहाबादी फरशीवर पालथा घातला,
पाठीवर पॉलिशपेपर चिकटवला
आणि हेड घासत बसले इंग्रजी आठच्या आकारात,
तीन संध्याकाळी.
मिस्त्री पट्टी लावून, मागं बॅटरी धरून, डोळा बारीक करत:
"अजून उजेड यायलाय."
उजेड येऊ नये म्हणून
मी कधी एवढी राबले नव्हते.

तीन पिस्टन धड निघाले. चौथ्याला चीर.
नांदेडहून एसटीच्या पार्सलात एक आला,
वापरलेला, मापाचा, पण तळहातावर जरा जड.
"वजन सारखं पाहिजे," मिस्त्री म्हणाले,
"नाहीतर जन्मभर थरथरंल."

दहा किलोच्या खालचं
माझ्या काट्याला दिसत नाही.

सराफ्यात दिगंबर उदावंतांच्या पेढीवर
मी पिशवीतून चार पिस्टन काढले.
जालना सोन्याचा पालना, म्हणतात.
त्या पालन्यात काळं अॅल्युमिनियम निजवलं.
ते हसले नाहीत. चष्मा बदलला.
"सव्वासात ग्रॅम जास्त," म्हणाले,
आणि बारीक कानशीनं आतली कड उतरवू लागले.
घासायचं, तोलायचं. घासायचं, तोलायचं.
बाहेर एक बाई पैंजण घेऊन ताटकळलेली.

शेवटी सवयीनं
खाली सांडलेला कीस ब्रशनं गोळा केला,
गुलाबी कागदात बांधला:
"हे तुमचं."
किती झाले?
"जा हो. याची काय घट लावायची."

एक, तीन, चार, दोन.
ठिणगीचा क्रम मिस्त्रींनी पाठ करून घेतला.
धुणं वाळत घालताना म्हणायचे,
भाजी निवडताना म्हणायचे.
दोन शेवटी का, हे विचारायचं राहिलं.

पहिल्यांदा चावी फिरवली तर नुसताच फटाका.
डिस्ट्रिब्युटर उलटा बसलेला, माझ्याच हातून.
दुसऱ्यांदा एवढा धूर
की शेजारच्या लोखंडेबाईंनी वाळवणं उचलली.
धुरातून मिस्त्री कान पुढं करून:
"चौघंही बोलायलेत."

खर्च अकरा हजार आठशे चाळीस.
उरलेल्यात दीड लिटर पेट्रोल.
मजुरी अजून वहीत आहे, पेन्सिलीनं.

सोमवारी ड्यूटीवर गाडी थेट काट्यावर चढवली.
गाडी, मी, पेट्रोल, पर्समधली गुलाबी पुडी:
नऊशे पन्नास.
मागं दोन ट्रक हॉर्न देत उभे.
पावतीवर मालाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना,
इंजिन बंद करायचा धीर होईना,
पेट्रोल जळत होतं.
घाईघाईत लिहिलं:
चालू.